पोहणं सोडू नका, ओल्या केसांवर स्कार्फ बांधणं सोडा

नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मॅडम, माझं वय ४७. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून मागच्या वर्षी एप्रिलमध्ये शिकायला लागले. तोपर्यंत पाण्याची भीतीच होती. आता आठवड्यातून पाच दिवस सकाळी सहाच्या लेडीज बॅचला जाते. गुडघा बराच सुधारला, पण केसांची पार रया गेली. माझी वेणी कमरेपर्यंत आहे. आई दर रविवारी पाटावर बसवून तेल लावायची, तेव्हापासूनची. आता शेंडे तांबडे पडलेत, हाताला काथ्यासारखे लागतात, कंगवा अर्ध्यात अडकतो, फरशीवर केसच केस असतात. पाण्यात जाण्याआधी वाटीभर तेल चोळत होते, तर कोचसाहेब सगळ्यांसमोर रागावले. सात वाजता बाहेर आले की आंबाडा घालून वरून स्कार्फ बांधते, गाडीनं घरी येते, डबे करते आणि साडेदहा-अकराला डोकं धुते. महिन्यातून एकदा मेंदी लावते, दुसऱ्या दिवशी इंडिगो पावडर. पार्लरवाली म्हणते केराटिन करून घ्या. जाऊबाई म्हणतात, या वयात हे खूळ कशाला, केस तरी राहू द्या. काय करू? पोहणं सोडू की केस कापू?"

ताई, पोहणं सोडू नका आणि रागाच्या भरात केसही कापू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तेल, मेंदी, केराटिन एवढंच डोळ्यांत भरलं. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते अगदी सहज लिहून गेलात: सात वाजता बाहेर, आणि डोकं धुणं साडेदहा-अकराला. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज जवळजवळ चार तास, तलावाचं पाणी केसांत मुरत राहतं. वरून घट्ट आंबाडा, त्यावर स्कार्फ. तुमच्या केसांच्या या अवस्थेला तलावातल्या त्या एका तासापेक्षा हे चार तास जास्त कारणीभूत आहेत, असं मला ठामपणे वाटतं. आणि चांगली गोष्ट ही की हे चार तास तुमच्या हातात आहेत.

मी २८ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं पोहते आहे, म्हणून थोडं आतलं सांगते. काय होतं ते एकदा कळलं की काय करायचं ते पाठ करावं लागत नाही.

केसाचं बाहेरचं आवरण आपल्याकडच्या जुन्या घरांच्या कवेलूंच्या छपरासारखं असतं. बारीक खवले एकावर एक चढवलेले, त्यांची तोंडं शेंड्याकडे. त्यांच्यावर टाळूतून येणाऱ्या तेलाचा पातळ हात फिरलेला असतो. कवेलू नीट बसलेले असले की केस चमकतो, त्यावरून बोट सरकतं आणि आतला ऐवज सांभाळला जातो. आतला ऐवज म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन आणि केसाला काळेपणा देणारं मेलॅनिन. तलावातलं क्लोरीन जंतूंना ऑक्सिडाइज करून मारतं, आणि तेच ते केसांनाही करतं. आधी वरचं तेल जातं, मग कवेलू उचकटतात, मग पाणी आत शिरतं आणि केराटिनला बांधून ठेवणारे गंधकाचे बंध तुटायला लागतात. उचकटलेल्या छपराखालच्या भिंतीचं पावसाळ्यात जे होतं, तेच.

नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं, मग त्यानं का होत नाही, असं माझे विद्यार्थी विचारायचे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं आपलं भारतीय मानक सांगतं. पोहण्याच्या तलावात साधारण १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात. म्हणजे पाचपट ते पंधरापट, आणि त्यात आपण तासभर डोकं बुडवून असतो. शिवाय प्रत्येक हाताबरोबर केस पाण्याशी घासला जातो, ती झीज वेगळी. २००० साली जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी तिथल्या अव्वल जलतरणपटूंच्या केसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे केस आपल्यासारखेच काळे, पण रोजच्या सरावानं तांबूस-सोनेरी झालेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खवले निघून गेलेले आणि आतलं मेलॅनिन क्लोरीननं विरलेलं. तेव्हा काळ्या केसांना काही होत नाही हा समज काढून टाका.

आता ते चार तास. तलावातून बाहेर आल्यावर केसातलं पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार, तांब्याचा अंश असला तर तो, आणि उरलंसुरलं क्लोरीन केसावरच आटत जातं. पातेल्यात पाणी उकळत राहिलं की तळाशी पांढरा थर धरतो ना, तसं. त्यात ओला केस फुगलेला आणि नाजूक असतो, ओढला की कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो. अशा केसाला तुम्ही पिळून आंबाडा घालता, काटे खोचता, वरून सिंथेटिक स्कार्फ कसून बांधता आणि त्रिमूर्तीनगरपर्यंत गाडी चालवता. नागपूरच्या उन्हात बायकांनी स्कार्फ बांधायचा नाही असं मी म्हणूच शकत नाही. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आपण सगळ्यांनी तो दिवस काढला आहे. पण ओल्या केसांवर नको. आधी धुवा, टिपा, दहा मिनिटं सावलीत मैत्रिणींशी बोलत उभ्या राहा. मेच्या सकाळी केस अर्धे वाळायला तेवढी पुरतात. मग सैल वेणी आणि तिच्यावर मऊ सुती ओढणी.

धुणं मात्र तिथेच. बाहेर आल्यापासून पाच मिनिटांच्या आत, तलावाच्याच शॉवरखाली. लेडीज बॅच सुटली की शॉवरपाशी रांग लागते हे मला माहीत आहे. म्हणून घरून दोन लिटरची बाटली आणि एक मग बरोबर न्या, तेवढ्या पाण्यातही पहिलं खळबळणं होतं. शाम्पू रोज लागत नाही. नुसतं साधं पाणी केसांतून तीन-चार मिनिटं निथळू द्यायचं, बोटांनी मुळापासून शेंड्याकडे. मग शेंड्यांना आणि लांबीला कंडिशनर, टाळूला नाही. दोन मिनिटांनी धुवून टाकायचं. टॉवेलनं खसाखसा पुसू नका. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा पिशवीत ठेवा आणि केस त्यात दाबून टिपा. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुतासारखं दुसरं काही नाही. कंगवा रुंद दातांचा, आणि सुरुवात शेंड्याकडून: आधी शेवटच्या चार बोटांतला गुंता, मग त्याच्या वरचा. वरून एकदम ओढला की सगळा गुंता खाली जाऊन गाठ बसते आणि केस तिथेच तुटतो.

पण यापेक्षाही कामाची गोष्ट पाण्यात उतरण्याआधीची आहे, आणि ती फुकट आहे. केस आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी पितो. कोरडे केस घेऊन तलावात उतरलात तर ते हे पाणी तलावातून पितील. तेच आधी शॉवरखाली उभं राहून साध्या पाण्यानं पूर्ण चिंब केले, तर आत तलावाचं पाणी शिरायला फार जागा उरत नाही. थोडी अदलाबदल होतेच, ती थांबत नाही, पण फरक मोठा पडतो. वरून ओले दिसले म्हणजे भिजले असं नाही. कमरेपर्यंतची वेणी आहे तुमची. ती सोडून, केस पुढे घेऊन, मधल्या थरात पाणी गेलं का हे हातानं चाचपून बघा. दोन-तीन मिनिटं लागतात. कोचसाहेब पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करा म्हणतात ती स्वच्छतेसाठी, पण तीच आपल्या केसांची पहिली ढाल आहे.

तेलाबद्दल कोचसाहेब बरोबर बोलले. सगळ्यांसमोर बोलायला नको होते, हे मान्य. पण वाटीभर तेल पाण्यावर तरंगतं, फिल्टरमध्ये अडकतं, आणि क्लोरीन जंतूंना सोडून त्या तेलावर खर्च होतं. मग तलाववाले क्लोरीन वाढवतात. शेवटी ते आपल्याच डोक्यावर येतं. तेल सोडायचं नाही, त्याची वेळ बदलायची. आदल्या रात्री लावा. खोबरेल, एक-दोन चमचे, मुख्यतः लांबीला आणि शेंड्यांना. खोबरेलच का, तर त्यातलं लॉरिक आम्ल बारीक आणि सरळ रेणूचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं आणि धुताना निघून जाणारं प्रथिन धरून ठेवतं. २००३ साली आपल्या देशात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, त्यात प्रथिनाची झीज कमी करणारं एकटं खोबरेल निघालं. रात्रभरात जे आत जायचं ते जातं, आणि एक-दोन चमचेच असल्यामुळे वर फारसं उरत नाही. आईचं रविवारचं तेल अगदी योग्य होतं ताई, फक्त ते आता रविवारीच नाही तर आठवड्यातल्या दोन-तीन रात्री लागेल.

एक सांगून ठेवते, कारण आपल्या विदर्भात घरोघरी जवस असतो. जवसाचं तेल केसांना लावू नका. ते हवेत वाळून चिवट होतं, ऑइल पेंटमध्ये ते याच गुणासाठी घालतात. जवसाचा उपयोग वेगळा करा. दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळा, पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं ओघळायला लागलं की गरम असतानाच जुन्या सुती कापडातून गाळा. थंड झाल्यावर ते घट्ट होतं, गाळलं जात नाही. धुतलेल्या ओलसर केसांच्या शेंड्यांना हे बोटभर लावलं की केस भुरभुरत नाहीत आणि गुंता कमी होतो. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं, वास बदलला की फेकून द्या.

टोपी घालता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी सक्तीच असते, म्हणून धरून चालते की घालता, आणि बहुधा ती पातळ कापडी असावी. कापडी टोपीतून पाणी आरपार जातं, ती फक्त केस एकत्र धरते. रबरी म्हणजे लेटेक्सची टोपी केस उपटते, आणि तेलाचा हात लागला की चिकट होऊन फाटते. सिलिकॉनची घ्या. बर्डीच्या बाजारातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात लांब केसांची, मागे फुगवट्याची टोपी मागितली की देतात. तुमच्यासारख्या वेणीला मी दोन टोप्या सांगते: आत कापडी, वर सिलिकॉनची. केस चिंब भिजवून, लांबीला थेंबभर कंडिशनर लावून, मानेपाशी खाली चपटा अंबाडा गुंडाळा, डोक्याच्या वर नको. मग कपाळाकडून टोपी धरून मागे ओढा, मैत्रिणीनं मागून धरली तर आणखी सोपं. तरीही आत थोडं पाणी जातंच. टोपी केस कोरडे ठेवत नाही, ताजं पाणी सारखं बदलत राहू देत नाही एवढंच तिचं काम, आणि तेवढं पुरेसं आहे. घरी आल्यावर टोपी साध्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा, आत थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा म्हणजे चिकटत नाही.

आता माझा आवडता उपाय. व्हिटॅमिन सी क्लोरीनला जागच्या जागी निष्प्रभ करतं. हिशोब सांगते: एक भाग क्लोरीनला साधारण अडीच भाग व्हिटॅमिन सी पुरतं. म्हणजे ५०० मिलिग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम क्लोरीन जिरतं, जे तलावाच्या कमीत कमी ६०-७० लिटर पाण्यात असेल. तुमच्या केसांतून फार तर पाव-अर्धा लिटर पाणी निघेल. तेव्हा औषधाच्या दुकानातून साधी एस्कॉर्बिक ॲसिडची, म्हणजेच व्हिटॅमिन सीची, पूड आणा, चहाचा चमचा जेमतेम टेकवून तेवढी अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा, शॉवरनंतर केसांवर ओता, मिनिटभर थांबा आणि साध्या पाण्यानं धुवा. क्लोरीनचा तो हट्टी वास तिथल्या तिथे जातो, तुम्हालाच कळेल. पाणी रोज ताजं करा, विरघळलेलं व्हिटॅमिन सी टिकत नाही. चघळायच्या गोळ्या नकोत, त्यांत साखर आणि रंग असतात. संत्र्याचा रसही नको. संत्रं आपलं लाडकं असलं तरी त्यातली साखर केसांना चिकटते आणि माश्या मागे लागतात. आणि पार्लरमधून केमिकलचा रंग करून घेणाऱ्या वाचकांनी हा उपाय आठवड्यातून एकदाच करावा, व्हिटॅमिन सी तो रंग उतरवतं.

शाम्पू आठवड्यातून दोनदा, सौम्य. त्यातला पंधरा दिवसांतून एकदा असा घ्या ज्याच्या घटकांच्या यादीत ईडीटीए वरच्या बाजूला असेल, किंवा पोहणाऱ्यांसाठीचा म्हणून मिळतो तो. ईडीटीए तांबं आणि कॅल्शियम पकडून बाहेर काढतं. काही ठिकाणी शेवाळ मारायला तलावात तांब्याचं औषध, आपलं मोरचूद, घालतात. पांढऱ्या केसांवर हिरवट झाक आली तर ती या तांब्याची असते, क्लोरीनची नसते. रोज मात्र हा शाम्पू वापरू नका, फार कोरडा करतो.

आणि घरी पाणी कोणतं आहे ते बघा. शहराला कन्हान आणि पेंचचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात कितीतरी घरी बोअरचं चालू होतं. याचा मला वाईट अनुभव आहे. मानेवाड्याला राहायला गेलो तेव्हा आमच्याकडे बोअरचंच पाणी होतं. पोहून आले की मी साबणानं डोकं धुवायची. दोन महिन्यांत केस डिंक लावल्यासारखे झाले, कंगव्याला पांढरट चिकटा यायचा. एका पार्लरमध्ये मला हा कोंडा आहे म्हणून सांगितलं आणि सहा बैठकांचे पैसे घेतले. एक दिवस वर्गात कठीण पाण्याचा प्रयोग दाखवताना परीक्षानळीत साबणाचा पांढरा साका धरला, आणि मी तशीच थांबले. कंगव्यावर तेच येत होतं. कठीण पाण्यात साबण केसांवर साका धरतो, शाम्पू त्या मानानं खूप कमी. त्या दिवसापासून डोक्याला साबण बंद, आणि शेवटचे दोन मग साठवलेल्या नळाच्या पाण्याचे. शिकेकाई चालेल. पण पूड चोळू नका, उचकटलेल्या खवल्यांत तिचे कण अडकून केस घासले जातात. शेंगा रात्री भिजवून, उकळून, गाळून नुसतं पाणी वापरा.

आता तांबड्या शेंड्यांबद्दल. मला वाटतं इथे क्लोरीनइतकाच तुमच्या इंडिगोचाही संबंध आहे. मेंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला घट्ट धरून बसतो. त्यावर तुम्ही इंडिगो लावता म्हणून काळा दिसतो. पण इंडिगो म्हणजे जीन्सच्या कापडाचा निळा रंग, आणि जीन्सवर ब्लीचिंगचं पाणी सांडलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तलावातलं क्लोरीन म्हणजे तेच ब्लीच, अगदी विरळ. रोज थोडं थोडं करून ते वरचं निळं खातं आणि खालची केशरी मेंदी उघडी पडते. खात्री करायची असेल तर कधीच न रंगवलेला केस शोधा, मानेवरची लव किंवा कानामागची बट. ती काळीच असेल आणि रंगवलेली लांबीच तांबडी असेल, तर तुमचे केस तुम्हाला वाटतात तितके बिघडलेले नाहीत, रंग गेला आहे. मेंदी-इंडिगो शुक्रवारी-शनिवारी करा, म्हणजे सोमवारी पाण्यात जाईपर्यंत रंग बसायला दोन दिवस मिळतात. पाकीट घेताना फक्त मेंदी, फक्त इंडिगो असं लिहिलेलं बघून घ्या. काळी मेंदी म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा केमिकल रंग असतो.

केराटिन करू नका. नाव केराटिनचं असलं तरी यातल्या बऱ्याच उपचारांत फॉर्मॅल्डिहाइड असतं किंवा गरम प्रेस फिरवताना तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. आणि एवढं करून ते तलावाच्या पाण्यात झपाट्यानं उतरतं. हजारो रुपये पाण्यात, अक्षरशः.

फरशीवरच्या केसांचं मात्र मला नीट बघायचं आहे, आणि ते तुम्हीच बघू शकता. एका सकाळी केस विंचरताना खाली पांढरा कागद पसरा. पडलेले केस एकेक करून दोन्ही टोकांनी उजेडात धरा. एका टोकाला साबुदाण्याच्या कणीपेक्षाही लहान पांढरा गड्डा दिसला तर तो केस मुळापासून आला. दोन्ही टोकं नुसती, एखादं चिरलेलं, केस आखूड, तर तो मधेच तुटला. तुटणं हे क्लोरीनचं, ओढाताणीचं काम, आणि वर सांगितलेल्या गोष्टींनी ते दोन-तीन महिन्यांत कमी व्हायला हवं. क्लोरीन मुळापर्यंत पोचून केस उपटत नाही. म्हणून गड्डेवाले केस जास्त निघाले तर तलावाला दोष देऊन थांबू नका. दिवसाला ५० ते १०० केस जाणं साधारण आहे, पण त्याहून बरेच जास्त जात असतील, भांग रुंद दिसत असेल, तर रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरात साठवलेलं लोह), थायरॉइड. तुमच्या वयात पाळी अनियमित होते, कधी अंगावरून जास्त जातं, आणि शरीरातलं लोह कमी झालं की केसही गळू शकतात. मागच्या तीन महिन्यांत डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तरी असे केस जातात, आणि ते परत येतात. मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा, नाहीतर तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना. टाळूला खाज, खवले, गोल चट्टा असेल तर लगेच. ओल्या आंबाड्यात टाळू तासन्‌तास दमट राहते, तिथे बुरशी धरायला वेळ लागत नाही.

तलावाच्या पाण्यावरही जरा लक्ष ठेवा. मेमध्ये शाळेला सुट्ट्या लागल्या की पोट्ट्यांच्या बॅचेस भरून वाहतात. उघड्या तलावातलं क्लोरीन उन्हानं काही तासांतच उडतं, म्हणून रात्री किंवा पहाटे दवा टाकतात आणि सहाच्या बॅचला ती पुरेपूर असते. क्लोरीनचा वास उग्र येतोय, डोळे चुरचुरताहेत म्हणजे क्लोरीन फार आहे असं आपण समजतो. खरं तर तो वास क्लोरीन घाम आणि लघवीशी मिळून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. पाणी मळलं आहे आणि त्याला ताजं क्लोरीन कमी पडतंय, असा त्याचा अर्थ. तलावावर दोन नळकांड्यांची छोटी पेटी असते, एकात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, दुसऱ्यात लालसर. एक क्लोरीनची, एक सामूची, म्हणजे पीएचची. सामू ७.२ ते ७.८ च्या मध्ये असावा. आजचं रीडिंग काय, असं विचारायला संकोच करू नका, तुम्ही फी भरता. चांगले कर्मचारी आनंदानं दाखवतात.

राहिले केस कापणं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतची वेणी म्हणजे तिच्या शेंड्याचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलं आहे. तुम्ही पोहायला लागलात त्याच्या किती आधी! त्यानं इतक्या वर्षांचं ऊन, कंगवे, मेंद्या सगळं सोसलं, आणि वर्षभराचं क्लोरीन सर्वांत जास्त त्यालाच लागलं. केस एकदा चिरला की कुठल्याही तेलानं जुळत नाही, तो निर्जीव आहे. म्हणून चार बोटं शेंडे कापा, जिथवर काथ्यासारखा लागतो तिथवर. मग दर तीन महिन्यांनी बोटभर. मुळाजवळचे नवे केस मात्र आजपासून चिंब भिजून पाण्यात उतरतील आणि लगेच धुतले जातील. पुढच्या एप्रिलपर्यंत हे बारा सेंटिमीटर होतील, आणि त्यांवरून बोट फिरवून तुम्ही मला कळवायचं आहे.

जाऊबाईंना एकदा बरोबर घेऊन या. काठावर बसू द्या, पाय पाण्यात सोडू द्या. तुमचा गुडघा जिना कसा चढतो हे त्या घरी बघतच असतील. आणि शेंडे कापायला शनिवारी दुपारी जा, म्हणजे सकाळची बॅच चुकणार नाही.